डब्यावरचा पिवळा ठिपका

नाही पण मला एक सांगा, त्या ठिपक्याला लाल व्हायचं काही कारण होतं का? सकाळी पिवळा होता हो! चांगला लिंबासारखा पिवळा. मी स्वतः बघितलाय, डबा भरताना, ह्या डोळ्यांनी. आणि संध्याकाळी बसमध्ये तिकिटासाठी पिशवीत हात घातला, डबा डोकावला, तर ठिपका लाल! गुलाबी नाही, केशरी नाही, लालभडक. जसा काही डबा माझ्यावर रागावलाय.

तुम्ही म्हणाल, डब्यावरचा ठिपका तो, पिवळा काय नि लाल काय, पोळीभाजी पोटात गेली ना? हो, तुमच्या डब्यावर असता तर मीही हेच म्हणाले असते. पण मी जिथे नोकरी करते ना, तिथे पिवळा म्हणजे 'अजून किरण लागले नाहीत' आणि लाल म्हणजे 'लागले'. झालं आता समाधान?

थांबा, नीट सांगते. मला घाईत सांगता येत नाही आणि घाई तर जन्माची पाठीस लागलेली... तर आमच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या आंब्यांना किरण देतात. आंब्यांच्या पेट्या एका सरकत्या पट्ट्यावर चढतात, जाड जाड भिंतींच्या खोलीत शिरतात, आत काय ते किरण घेतात आणि पलीकडच्या दाराने बाहेर येतात. आंबा होता तसाच. फक्त कोयीत एखादा भुंगा दडून बसला असेल, तर त्याचा वंश तिथेच खुंटला. तिकडच्या लोकांना आपला आंबा हवा असतो, आतला पाहुणा नको असतो, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि प्रत्येक पेटीवर एक ठिपका चिकटवतात. जाताना पिवळा, येताना लाल. म्हणजे कुठली पेटी जाऊन आली आणि कुठली तशीच राहिली, हे लांबूनसुद्धा कळावं.

आणि माझा डबा त्या खोलीत गेलाच नव्हता! मीही गेले नव्हते! म्हणजे... माझ्या माहितीत तरी.

आता ह्यात माझं काम काय, विचारा. विचारा ना! माझं काम म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना हे सगळं समजावून सांगायचं. व्यापारी येतात, गृहिणींची मंडळं येतात, कॉलेजची पोरं येतात. त्यांना चित्रं दाखवायची, शंका विचारू द्यायच्या, आणि शेवटी हसून म्हणायचं, 'घाबरण्यासारखं काहीच नाही!' हो, मी! हसा, हसा. कुकरची शिट्टी झाली की जी अजून 'आई गं' म्हणते, दाराची बेल वाजली की जिच्या हातातला चहा सांडतो, ती मी. दादा मला भागूबाई म्हणतो, पाळण्यात ठेवलेलं नाव घरात कुणाच्या लक्षात तरी आहे की नाही देव जाणे. मुलाखतीला मोठ्या साहेबांनी विचारलं, "लोक काय काय शंका काढतील?" मी म्हटलं, "सर, सांगू?" आणि सुरू झाले. फळ रात्री चमकेल का, पेटीला हात लावला तर हात धुवावे का, भूकंप झाला तर, उंदराने वायर कुरतडली तर, कारखान्यावरून पक्षी उडत गेला तर... साहेबांचा चहा गार झाला. म्हणाले, "बास, बास! जगात जेवढ्या शंका आहेत तेवढ्या तुमच्या डोक्यात आधीच आहेत. उद्यापासून या." म्हणजे बघा, भित्रेपणावर नोकरी मिळालेली मी त्रिभुवनातली एकटी असेन.

तर तो ठिपका. आमच्या ऑफिसात सगळ्यांचे डबे सारखे, स्टीलचे, गोल. एकदा मी हिशेबवाल्या बाईंची कारल्याची भाजी खाल्ली आणि दोन तास घशाला काय झालं म्हणून रडत होते. त्यानंतर ठरवलं, डब्यावर खूण हवी. आणि माझ्या टेबलाशी त्या ठिपक्यांचं आख्खं बंडल! त्याचं असं, की आमचे सुरक्षा अधिकारी आहेत, कुणाला किती किरण लागले ते मोजणं त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना डोसकाका म्हणतात, अगदी तोंडावर. त्यांनी काल संध्याकाळी ते नवं बंडल माझ्याकडे आणून दिलं. "हे तुझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे, पॅकिंगवाले लागेल तसं नेतील. आणि हे बघ, ड्रॉवरमध्येच, कारण..." असं काहीतरी ते पुढे सांगत होते, पण मी तेव्हा "काका, ह्याला हात लावला तर चालेल ना? मग धुवायला नकोत ना?" हे विचारत होते, त्यामुळे ते 'कारण' काही माझ्या कानात शिरलं नाही.

आणि ड्रॉवरमध्ये जागा कुठाय! माझ्या ड्रॉवरमध्ये थर्मामीटर, जखमेच्या पट्ट्या, मलम, पोटदुखीच्या गोळ्या, डोकेदुखीच्या गोळ्या, त्या दोन्हींनी पित्त झालं तर त्याच्या गोळ्या, वीज गेली तर मेणबत्ती, लिफ्टमध्ये अडकले तर शिट्टी. माणसाने सावध राहायचं की नाही? मग बंडल ठेवलं खिडकीत. छान रुंद खिडकी आहे, दुपारी ऊन काय सुरेख येतं! डबाही तिथेच ठेवते, अन्न कोमट राहतं. त्यातलाच एक ठिपका काढून डब्याला लावला. दिसायला गोड दिसत होता हो.

आणि आता तो लाल.

बसमध्ये, तुम्हाला सांगते, मी पहिल्यांदा काय केलं? डबा पिशवीत आणखी खाली दडपला. मग वाटलं, खाली माझ्या मांड्या आहेत! म्हणून पिशवी हातात लोंबकळत धरली. मग वाटलं, हात काय वाऱ्यावर आलाय का? तेवढ्यात एक बाई लहान बाळाला घेऊन शेजारी बसली. मी ताडकन उठले आणि थेट मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाईला वाटलं, मी बाळासाठी ऐसपैस जागा करून दिली. "किती चांगली मुलगी," असं शेजारणीला म्हणाली. तिला काय माहीत, चांगल्या मुलीच्या पिशवीत काय आहे!

मनाशी म्हटलं, घाबरण्यासारखं काहीच नाही. रोज म्हणते मी हे. पण तुम्हाला सांगते, दुसऱ्याला म्हणताना हे वाक्य कसं गुळगुळीत निघतं, स्वतःला म्हणायला गेलं की घशात आडवं होतं.

डोसकाकांना फोन लावला. आणि ती बाई! "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे..." काय तो थंड आवाज! मेली आयुष्यात कशाला घाबरली नसेल. पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. आता मला सांगा, सुरक्षा अधिकारी सगळा वेळ व्यस्त कधी असतो? जेव्हा सुरक्षा नसते तेव्हा! म्हणजे तिकडे काहीतरी झालंय. भिंतीला तडा गेलाय. आणि मी नेमकी त्या भिंतीच्या बाजूच्या स्वच्छतागृहात दिवसातून चार वेळा जाते, कारण घाबरलं की मला जावं लागतं.

आमच्या छातीवर एक बिल्ला असतो, किती किरण लागले ते टिपून ठेवणारा. पण तो तपासायला बाहेर पाठवावा लागतो. तोवर मुका. नुसता लटकतो. बिल्ल्याकडे बघून मी म्हटलं, "बोल की रे!" कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मला काही म्हणालात?"

घराच्या दारापर्यंत आले, किल्ली काढली आणि एकदम आठवलं. वहिनी!

वहिनीला सातवा महिना. दार उघडलं की समोरच्या खुर्चीत ती पाय वर घेऊन बसलेली असते आणि मी रोज आल्या आल्या तिच्या पोटाला हात लावून म्हणते, "काय रे, दिवसभर काय केलंस?" काल लावला. परवा लावला. ह्याच हाताने! मी किल्ली परत पर्समध्ये टाकली, पाच पायऱ्या खाली उतरले, डबा त्याच्याही खाली जिन्याच्या वळणावर ठेवला आणि पायरीवर बसले. काही झालं तरी आज ह्या घरात पाऊल टाकायचं नाही. डोसकाका फोन उचलेपर्यंत नाहीच नाही.

किल्लीचा आवाज ऐकून आईने दार उघडलं. "अगं, बाहेर काय बसलीस? आत ये, चहा टाकलाय."

"आई, पुढे येऊ नकोस!"

"काय तुडवलंस?"

बघा! माझी आई. जगबुडी आली तरी आधी विचारेल, चपला कुठे काढल्यास. मी तिला ठिपका सांगितला, पिवळा सांगितला, लाल सांगितला. ती म्हणाली, "मग डबा घासायला टाक ना, जाईल तो." घासून! किरण! जाईल!

मग दादा आला. दादाने सगळं ऐकलं, गंभीर चेहरा केला आणि जिन्यातला दिवा बंद केला.

"दादा! दिवा लाव!"

"थांब गं, चमकतेस का बघतोय... नाही. निराशा केलीस, भागूबाई. विजेचं बिल वाचलं असतं."

मी पुन्हा फोन लावला. व्यस्त.

एवढ्यात खालच्या मजल्यावरून आत्या. आमची आत्या म्हणजे किरणांची जन्माची वैरीण. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून आमचा वाद चाललाय. "त्यांच्या देशात भुंगा नको म्हणून शिक्षा आपल्या आंब्याला का? पूर्वी गरम पाण्यात बुडवून पाठवत होते, तेव्हा आंबा काय रडत होता का? आणि खाणाऱ्याला ठळक अक्षरांत सांगतात का, की बाबा रे, ह्याला किरण दिलेत?" असं तिचं. आणि माझं असं, की आत्या, सांगतात, पेटीवर खूण असते. गरम पाण्याने कोयीतला भुंगा हलत नाही. आणि रस्त्यावरच्या दिव्याखालून माणूस गेला म्हणून माणूस दिवा होतो का? हे दिव्याचं उदाहरण माझं स्वतःचं आहे हं. सगळी मंडळं माना डोलावतात ह्याच्यावर. आत्या एकटी डोलवत नाही. मी आणलेल्या आंब्याला तिने आजवर बोट लावलेलं नाही.

तर आत्या जिना चढत आली, वळणावर डबा बघितला, मला बघितलं, आणि कमरेवर हात ठेवले. "मी सांगत नव्हते? सांगत होते की नाही मी? अगं, त्या भुंग्याचा वंश बुडतो म्हणतेस, आणि तुझं तर अजून लग्न व्हायचंय!"

झालं! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढ्या शंकांची मी खाण, आणि ही एक शंका निसटली होती ती आत्याने आणून हातात ठेवली. मी जी रडायला लागले... आता आत्या कितीही भांडली तरी तिला माझं रडणं बघवत नाही, लहानपणापासून नाही. ती दोन पायऱ्या चढली. मी म्हटलं, "लांब राहा!" ती म्हणाली, "गप गं! भुंग्याचं वेगळं. तो बिचारा त्या खोलीत जातो. तू गेलीस का?"

"नाही, पण..."

"मग? तूच म्हणतेस ना, दिव्याखालून गेलं म्हणून माणूस दिवा होतो का?"

"आत्या, ते उदाहरण फार सोपं करून सांगितलेलं असतं! दूरगामी परिणामांचं काय?"

"कसले दूरगामी? इतक्या देशांत इतकी वर्षं लोक खातायत, तूच छापील कागद आणून दिलास ना मला?"

"छापील कागदाला काय अर्थ आहे! कागद छापणारे कोण? कारखानेवालेच!"

तुम्ही समजू शकता, आमचं काय चाललं होतं? ती माझी वाक्यं बोलत होती आणि मी तिची! शब्दशः! वरच्या मजल्यावरचे कर्नल फिरायला निघाले होते. कर्नल नाहीत ते, बँकेत होते, पण मिशा तशा आहेत. ते कठड्यावर हात ठेवून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "माफ करा, पण तुमच्यातलं नेमकं कोण कुणाच्या बाजूने आहे? कारण हिच्या सांगण्यावरून मी दोन पेट्या खाऊन बसलोय."

"काका," मी डोळे पुसत म्हटलं, "घाबरण्यासारखं काहीच नाही."

"मग तू जिन्यात का बसलीयेस?"

मी पुन्हा फोन लावला. व्यस्त.

आणि मग वहिनी बाहेर आली. मी किंचाळलेच, "वहिनी, आत जा!" तर ती कसली ऐकते. एक हात कमरेवर, एका हातात बशी, सावकाश सावकाश आली आणि माझ्या वरच्या पायरीवर टेकली. आमची वहिनी बोलते कमी. म्हणजे आमच्या घरात कुणी तिला बोलायला संधीच देत नाही. बशीत आंब्याच्या फोडी. कारखान्यातल्या. नमुन्याच्या पेटीतले उरलेले आंबे आम्हाला घरी देतात, ते मीच तिच्यासाठी आणते, कारण मध्यंतरी तिला पाणीसुद्धा ठरत नव्हतं, तेव्हा एक हे आंबे तेवढे पोटात राहायचे.

तिने एक फोड खाल्ली. मला म्हणाली, "आत्या सांगत होत्या नको खाऊस. माझी आई फोनवर सांगत होती नको खाऊस. मी कुणाचं ऐकलं?"

"माझं."

"तू काय म्हणाली होतीस?"

"हेच की, घाबरण्यासारखं काहीच नाही."

वहिनी माझ्याकडे बघतेय, एक हात पोटावर, आणि म्हणाली, "मला एवढंच सांग. तेव्हा खरं बोलली होतीस की नोकरीचं बोलली होतीस?"

तुम्हाला सांगते, एवढी मंडळं आली, एवढे व्यापारी आले, कॉलेजची पोरं तर काय काय विचारतात, पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आणि माझ्या डोक्यातल्या त्या हजार शंकांमध्येही हा नव्हता. मी नाक ओढलं. मला ते दिवस आठवले, मी पहिला आंबा घरी आणला तेव्हाचे. आणायच्या आधी मी किती वाचलं होतं! डोसकाकांना इतकं पिडलं होतं की ते मला बघून जेवायची जागा बदलायचे. आणि वहिनीच्या हातात द्यायच्या आधी मी आठवडाभर स्वतः खाऊन, सकाळ-संध्याकाळ ताप मोजून बघितला होता. भित्र्या माणसाची खात्री आहे हो ही, सोपी नसते!

"खरं बोलले होते," मी म्हटलं. "फळाला काही होत नाही, वहिनी. देवाशप्पथ."

"आणि भुंग्याचा वंश खुंटवायला लागतात तेवढे किरण तुला लागले असते, तर तू आत्ता अशी तावातावाने आत्यांशी भांडत असतीस?"

"...नाही. मी ह्या जिन्यापर्यंत पोचलेच नसते."

"मग उठ."

बास. एवढंच. मी सगळ्यांना चित्रं दाखवून तासभर सांगते ते हिने 'उठ' म्हणून संपवलं. ती स्वतः उठली, दादाचा हात धरून खाली वळणावर गेली, मी नको नको म्हणेपर्यंत तो डबा उचलला, उघडला, आणि म्हणाली, "भाजी परत आणलीस. टाकायची नाही हं असं." आणि आत्या, माझी आत्या हो, बशीतली एक फोड उचलून तोंडात टाकत म्हणाली, "गोड आहे की गं." मग सगळे आपल्याकडे बघतायत असं बघून, "म्हणजे चवीबद्दल माझं कधीच काही म्हणणं नव्हतं!"

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! अंगातून भीती अशी घळघळ वाहून गेली. म्हटलं, आता आत जायचं, चहा प्यायचा, बाळाला विचारायचं दिवसभर काय केलंस. सवयीने हातातल्या फोनवर बोट पडलं तेवढंच. आता उचलला काय नि नाही काय...

आणि उचलला!

"बोल! पटकन बोल!" डोसकाका. मागे नुसता आरडाओरडा. मी "काका, काही नाही, माझ्या डब्यावरचा..." एवढंच म्हणाले तर, "डबाबिबा नंतर! इथे आकाश कोसळलंय! दुपारी पॅकिंगवाल्यांनी तुझ्या टेबलाकडचं ते नवं बंडल नेलं आणि सगळ्या पेट्यांवर न बघता चिकटवत सुटले, तर ठिपके आधीच लाल! आत न जाताच लाल! आता आख्ख्या मालातली कुठली पेटी जाऊन आली नि कुठली नाही, कुणाच्या बापाला कळत नाहीये! ट्रक दारात उभा, विमान आपल्यासाठी थांबणार नाही, मोठे साहेब डोकं धरून बसलेत! अगं, ऊन लागलं की हे ठिपके आपोआप लाल होतात, हे मी सांगून सांगून दमलो! मला फक्त एवढं सांग, ड्रॉवरमध्ये ठेवलेलं ते बंडल काढून खिडकीत उन्हात ठेवणारा तो शहाणा कोण?"

जिन्यात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आई, दादा, आत्या, कर्नल. वहिनीच्या हातात तो डबा.

"काय गं," वहिनीने विचारलं, "काय म्हणतायत?"

मी फोनवर हात ठेवला आणि हसून म्हटलं, "घाबरण्यासारखं काहीच नाही."

आणि तुम्हाला सांगते, उभ्या जन्मात पहिल्यांदा घाबरण्यासारखं काहीतरी खरोखरचं समोर येऊन उभं राहिलं होतं... आणि मी मेली घरात होती नव्हती तेवढी सगळी भीती एका डब्यावर उधळून मोकळी झाले होते!